कशेडीच्या उतारावर रिवाइंड नसतं

पत्र थोडक्यात: पत्रलेखक ६८ वर्षांचे आहेत. कोकणातल्या एका आगारातून ३१ वर्षं एसटी चालवून निवृत्त झाले. एकही अपघात नाही, विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून कपाटात जपून ठेवलाय. पत्नी गेल्यावर दोन वर्षांपासून पुण्यात मुलाकडे राहतात. नातू १२ वर्षांचा, सातवीत. अभ्यास बरा, संध्याकाळी ग्राउंडवर जातो, रात्री वेळेवर झोपतो. सुट्टीच्या दिवशी दुपारी तो टीव्हीला जोडलेल्या प्लेस्टेशन ५ वर तीन गेम खेळतो: गाड्यांचा ‘फोर्झा होरायझन ५’, ‘जीटीए ५’ आणि फुटबॉलचा ‘एफसी’. मागच्या महिन्यात नातू जीटीएमध्ये गाडी फुटपाथवर चढवून माणसं उडवत होता आणि खदखदून हसत होता. आजोबांनी “बंद कर” म्हणून दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा भिंतीवरचा प्लगच ओढला. नातू रडला. मुलगा म्हणाला, “बाबा, गेम आहे तो, खरी माणसं आहेत का ती?” सून काहीच बोलली नाही. तेव्हापासून नातू कामापुरतंच बोलतो. आजोबा विचारतात: माझं चुकलं का? हा अठराव्या वर्षी खऱ्या रस्त्यावरही अशीच गाडी हाकणार का? आणि हे थांबवायचं कसं?

काका, नमस्कार.

तुमच्या पत्रात एक प्रसंग तुम्ही अगदी जाता जाता लिहिलाय. माणगावजवळ सायकलवरचा एक पोरगा अचानक आडवा आला. गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. पोरगा घाबरून पळूनही गेला. तुम्ही मात्र खाली उतरून पुढच्या टायरला टेकून बसलात, आणि वाहकानं पाण्याची बाटली हातात दिली तर तिचं झाकण तुम्हाला उघडेना. वीस वर्षं झाली, तरी अजून स्वप्नात येतं म्हणता.

त्या दुपारी हॉलमधल्या टीव्हीवर तुम्हाला तोच पोरगा दिसला असणार. नातवाला तो दिसणं शक्यच नव्हतं. एकाच पडद्याकडे बघताना तुम्हा दोघांना दोन वेगळ्या गोष्टी दिसत होत्या, आणि भांडणाचं मूळ मला तिथं वाटतं. नातू वाया चाललाय की नाही, हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

आधी त्या हसण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय, “माणूस मेल्यावर हसतो, म्हणजे मनानं निर्ढावला.” जरा थांबा. या गेममध्ये माणसाला धक्का लागला की तो कसा पडेल याचं चित्र आधी काढून ठेवलेलं नसतं. युफोरिया नावाचं एक तंत्र त्यात वापरलंय. माणूस किती वजनाचा, धक्का कुठून बसला, त्यानं तोल सावरायला हात कुठे टाकले, याचा हिशेब त्या क्षणी होतो. त्यामुळे प्रत्येक जण वेगळा पडतो, बहुतेक वेळा बटाट्याच्या पोत्यासारखा, हातपाय भलतीकडे. बारा वर्षांच्या पोराला त्या विचित्र गडगडण्याचं हसू येतं. जत्रेत लाकडी बाहुली आपटली की आपण हसायचो, त्याच जातीचं.

मी हे बाहेरून सांगत नाही. आमच्या घरी भावानं कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्यावर ‘रोड रॅश’ होता. मोटारसायकलची शर्यत, पण जिंकायला शेजारच्याला लाथ घालायची, हातात साखळी किंवा दांडकं मिळालं तर तेही चालवायचं. गाडीवरून पडलं की आपला माणूस उठून धावत धावत गाडीकडे यायचा, आणि त्या धावण्यावर आम्ही दोघं पोट धरून हसायचो. आज बावीस वर्षं मी दुचाकी चालवतेय. अजून कुणाला साखळीनं हाणलेलं नाही. सिंहगड रोडवर संध्याकाळी इच्छा होते, ती गोष्ट निराळी.

अर्थात माझ्या एकटीच्या अनुभवानं काही सिद्ध होत नाही, आणि तुमची भीती मला उडवूनही लावायची नाहीये. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये या विषयावरचं आपलं मत पुन्हा मांडलं. हिंसक गेम आणि ओरडणं, ढकलाढकली असल्या आक्रमकपणाचा थोडासा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसक गुन्ह्यांशी तो जोडायला पुरेसा पुरावा नाही, असं ते म्हणतात. तुमच्या धंद्याच्या जास्त जवळचं एक संशोधन मात्र तुमच्या बाजूनं बोलतं. जर्मनीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, नुकताच रेसिंग गेम खेळून उठलेल्यांनी, त्यातही पुरुषांनी, संगणकावर दाखवलेल्या वाहतुकीच्या प्रसंगांत जास्त धोका पत्करला. हे खेळून उठल्याबरोबरचं झालं. बाराव्या वर्षी खेळलेलं अठराव्या वर्षी स्टिअरिंगवर उतरतं, असं त्यातून निघत नाही.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: मधल्या सहा वर्षांत तो पडद्यापेक्षा खऱ्या गाडीच्या काचेतून जास्त शिकणार आहे. त्याचा बाप पिवळा दिवा लागल्यावर ब्रेक मारतो की ॲक्सिलरेटर, मोबाईल कानाला लावून गाडी चालवतो का, मागच्या सीटवर पट्टा लावायला सांगतो का. तुम्ही त्या गाडीत बसता तेव्हा तुमच्या नजरेला हे सगळं दिसत असेलच. आणि एक गोष्ट आत्ताच घरात सांगून ठेवा, कारण दहावीच्या सुट्टीत “सोसायटीच्या आतल्या आत एक चक्कर” हा हट्ट यायचाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलंय. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येते. तुम्ही पत्रभर ‘तो गेम’ म्हणता. पण नातू तीन गेम खेळतो आणि ते तिन्ही एका माळेचे मणी नाहीत. चांगला-वाईट ठरवण्याआधी मी एक साधी गोष्ट बघते: हा गेम गुण कशाला देतो? बक्षीस कशावर आहे?

‘फोर्झा’ घ्या. २०२१ चा गेम, मेक्सिकोत घडतो. वाळवंट, जंगल, ज्वालामुखी, ग्वानाहुआतोच्या अरुंद गल्ल्या, सगळं इतकं देखणं की तुम्हालाही बघत बसावंसं वाटेल. रस्त्यावर उडवायला माणसं नाहीतच. पण गुणांचा तक्ता बघितलात तर तुमच्या कपाळावर आठी येईल. समोरच्या गाडीला जितकं घासून जाल तितके गुण. गाडी आडवी घसरवली, गुण. कुंपण तोडलं, निवडुंग उडवला, तरी गुण. हे गुण साखळीसारखे जुळत जातात आणि जोरात धडकलात तर ती साखळी तुटते. थोडक्यात, तुमच्या आगारात ज्याच्यासाठी मेमो मिळाला असता त्याच्यासाठी इथं बक्षीस आहे. भरीला रिवाइंड. वळण चुकलं, गाडी दरीत गेली, एक बटण दाबलं की काळ काही सेकंद मागे सरकतो आणि तेच वळण पुन्हा घेता येतं. खेळ म्हणून ही सोय फार छान आहे. नवशिक्याला एकच वळण दहा वेळा घेऊन शिकता येतं. फक्त ते बटण कशेडी घाटाच्या उतारावर नसतं, हे त्याला सांगणारा माणूस घरात हवा. तो आहे.

‘जीटीए ५’ चं गणित वेगळं. २०१३ साली आलेला, २० कोटींहून जास्त प्रती खपलेला गेम. लॉस एंजेलिसवर बेतलेलं लॉस सँटोस नावाचं अख्खं शहर, त्यात तीन गुन्हेगार, आणि त्या तिघांपैकी कुणाच्याही अंगात शिरून आपण हिंडायचं. पादचाऱ्याला उडवलं तर कोपऱ्यात तारा लागतो, पोलीस मागे येतात, तारे पाचपर्यंत वाढतात. म्हणजे शिक्षा आहे. पण गल्लीबोळांत पोलिसांच्या नजरेआड राहिलं की तारे लुकलुकतात आणि विझून जातात, आणि त्या पळापळीतच खरी मजा भरलेली आहे. मेलात तर हॉस्पिटलच्या दारात उभे, खिशातले थोडे पैसे कमी. मोठ्या माणसाला यातली उपरोधाची धार कळते. हा गेम अमेरिकी समाजाची टर उडवतो, रेडिओवरच्या जाहिरातींपासून सगळी, आणि ती झकास उडवतो. बारा वर्षांच्या मुलाच्या हाती टर लागत नाही, नुसती गाडी आणि फुटपाथ लागतात.

आणि इथं, काका, मी तुमच्या मुलाशी असहमत आहे. या गेमच्या डबीवर वय लिहिलेलं असतं. युरोपच्या वर्गवारीत १८, अमेरिकेच्या १७. ते शोभेसाठी नाही. तुम्ही पाहिलात तो फुटपाथ म्हणजे त्यातला सौम्य भाग. पुढे एका प्रसंगात बांधून ठेवलेल्या माणसाचा छळ खेळणाऱ्यालाच स्वतःच्या हातानं, बटणं दाबून करावा लागतो. तुमच्या मुलानं त्याच्या कॉलेजच्या दिवसांत याच मालिकेतला जुना ‘व्हाइस सिटी’ खेळला असणार, त्या पिढीतल्या कुणी नाही खेळला! त्याच प्रेमानं त्यानं लेकाला हा आणून दिला असेल. पण तो स्वतः तेव्हा बारा वर्षांचा नव्हता, आणि तेव्हाची चित्रं ठोकळ्यांसारखी होती. “गेम आहे तो” हे वाक्य खरं आहे, आणि तरीही ते उत्तर नाही.

फुटबॉलबद्दल तुम्ही तक्रार केली नाहीत. “तो बरा आहे, त्यात नियम असतात,” एवढंच लिहिलंय. मी मात्र तुमच्या मुलाला त्याच्याकडे नीट बघायला सांगेन. मैदानावर सगळं नियमाचं आहे: मागून पाय घातला तर लाल कार्ड, पुढे घुसलं तर ऑफसाइड. पूर्वी हाच गेम ‘फिफा’ नावानं यायचा, फिफाशी करार संपल्यावर २०२३ पासून ‘एफसी’ झाला. गोम आहे ती ‘अल्टिमेट टीम’ या भागात. तिथं खेळाडू पाकिटातून निघतात. पाकीट फोडेपर्यंत आत एम्बापे आहे की तिसऱ्या दर्जाचा गोलकीपर, कळत नाही. पाकिटं खेळून मिळतात, पैसे देऊनही मिळतात. बेल्जियममध्ये २०१८ साली असल्या पाकिटांना जुगार ठरवलं गेलं आणि कंपनीला तिथं खऱ्या पैशांची ती विक्री बंद करावी लागली. रक्ताचा थेंब नसलेला हा गेम घराच्या खिशाला जीटीएपेक्षा जास्त चावू शकतो. प्लेस्टेशनला कुणाचं कार्ड जोडलंय, एवढं आज रात्रीच विचारा.

मग तुमचं चुकलं का? काळजी केलीत यात काही चुकलं नाही. प्लग ओढलात ते चुकलं. एकतर तसं चालू यंत्र बंद केल्यानं जतन न झालेला खेळ जातो, कधीकधी आतली माहितीही बिघडते. नातवाच्या लेखी तुम्ही त्याची वही फाडलीत. दुसरं, गेम आणला मुलानं, वेळ ठरवली सुनेनं, आणि प्लग ओढला तुम्ही. त्यामुळे जीटीए त्याच्या वयाला योग्य की नाही हा प्रश्न बाजूला पडला आणि आजोबा विरुद्ध नातू असा सामना उभा राहिला. तुम्ही तीन दशकं दुसऱ्याच्या गाडीचा हॅंडब्रेक ओढला नसेल. इथंही तो त्याच्या आईबापाचा आहे.

म्हणून मुलाशी बोला, पण नातू झोपल्यावर. “आमच्या वेळी असलं नव्हतं” या वाक्यानं सुरुवात केलीत तर बोलणं तिथंच संपेल. डबी हातात द्या, वरचा १८ चा आकडा दाखवा, आणि छळाच्या त्या प्रसंगाबद्दल विचारा, तुला आठवतो का म्हणून. तो गेम मुलानं खेळला असेल तर गप्प होईल, नसेल तर बघायला जाईल. दोन्ही चालेल. त्याआधी सुनेला एकटीला विचारा. “सून काहीच बोलली नाही,” असं तुम्ही लिहिलंत ते तक्रारीच्या सुरात, पण मला त्या गप्प राहण्यात तुमच्या बाजूची शक्यता दिसते.

उपाय तांत्रिक आहे आणि अर्ध्या तासाचा आहे. नातवासाठी त्या यंत्रात लहान मुलांसाठीचं वेगळं खातं उघडायचं. त्यात वयाची पातळी लावली की जीटीए त्याच्या खात्यावर उघडणार नाही. रोज किती वेळ खेळायचं आणि महिन्याला किती रुपये खर्चायचे, तेही पालकांना ठरवता येतं. मुलगा हवं तर रात्री स्वतःच्या खात्यावर खुशाल खेळू दे. आणि हे नातवाला त्याच्या बापानं सांगायचं. त्या वेळी तुम्ही देवळात किंवा फिरायला गेलेले बरे. “बघ, मी म्हणत नव्हतो?” असा चेहरा तुमच्याही नकळत होईल.

काढून घेतलेल्या जागी काहीतरी द्यावं लागतं. माझं मत विचाराल तर ‘ग्रॅन तुरिस्मो ७’ आणा. १९९७ पासून चालत आलेली ही जपानी मालिका, आणि मला ती तुमच्यासाठीच केल्यासारखी वाटते. यात लायसन्सच्या परीक्षा असतात! सुरुवातीच्या धड्यात गाडी निघते, वेग घेते आणि आखलेल्या चौकटीत थांबवायची. चौकटीच्या पुढे गेलात, नापास. मग एकेक वळण: कुठं ब्रेक, कुठं वळायचं, कुठं पुन्हा वेग द्यायचा. कांस्य, रौप्य, सुवर्ण. ऑनलाइन शर्यतीत दुसऱ्याला ढकललं की सभ्यपणाची वेगळी श्रेणी असते, ती घसरते. गुण कशाला मिळतात, ते बघा. हातातल्या कंट्रोलरमध्ये ब्रेकचा खटका बोटाला खरोखरीचा घट्ट लागतो, आणि चाकं सरकायला लागली की थरथरतो. पायाखालच्या ब्रेकची ज्याला सवय आहे त्याला ते पहिल्या मिनिटात कळेल.

हा गेम नातवाला नुसता आणून देऊ नका. त्याला म्हणा, मला शिकव. खरंच शिका. बटणं तुम्हाला जमणार नाहीत, पहिले चार दिवस गाडी गवतात जाईल, जाऊ द्या. तुमच्याकडे जे आहे ते नंतर कामाला येतं. कुठं ब्रेक मारायचा ते हे गेम रस्त्यावर खुणा करून दाखवतात. एके दिवशी त्याला त्या बंद करायला सांगा आणि गाडीच्या आतून दिसणारं दृश्य लावायला सांगा. आता खूण नाही. वळण किती खोल आहे हे कसं ओळखायचं? तुम्ही रात्री, पावसात, धुक्यात, कठड्याचा पांढरा रंग आणि झाडांची रांग बघून ओळखत होतात. ते सांगा. गियर हातानं टाकायचे ठेवा, आणि ज्या गियरवर घाट चढवायचा त्याच गियरवर उतरवायचा, हे का, ते सांगा. एका बैठकीत एकच गोष्ट. दोन सांगितल्यात की ते प्रवचन होतं, आणि प्रवचन ऐकायला त्याला शाळा आहे.

माणगावचा पोरगाही त्याला एकदा सांगा. गेम बंद असताना, गाडीतून कुठंतरी जाताना. तात्पर्य काढू नका. बाटलीच्या झाकणापाशी थांबा.

अशीच काळजी घेऊन लिहिणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द, कारण या आठवड्यातलं हे एकटं पत्र नाही. जेवायला हाक मारण्याआधी चालू गेम मध्येच थांबतो का, ते विचारा. जीटीए किंवा फोर्झा एकट्यानं खेळताना थांबवता येतो. ऑनलाइन फुटबॉलची मॅच सहा-सहा मिनिटांच्या दोन अर्धांची असते, ती अर्धवट सोडली तर हार लागते. शंभर जणांना एका बेटावर उतरवणारे मोबाईलवरचे ‘बीजीएमआय’सारखे गेम अर्ध्या तासापर्यंत चालतात आणि मधून उठलं तर जोडीदार अडकतात. “पाच मिनिटांत ये” आणि “ही मॅच संपली की ये” यात घरातली अर्धी भांडणं मिटतात. आणि खेळण्यावरचा ताबाच सुटलाय, बाकी सगळं मागे पडलंय, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, असं वर्षभर चाललं असेल तर त्याला जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या यादीत जागा दिली आहे; तिथं सल्ल्याच्या सदराला लिहू नका, डॉक्टरांकडे जा. काका, तुमच्या नातवाचं तसं काही नाही. जो ग्राउंडवर जातो आणि वेळेवर झोपतो त्याची मी काळजी करणार नाही.

राहिला अबोला. प्लगबद्दल त्याला सॉरी म्हणा, तेवढ्यापुरतंच. “पण तूसुद्धा” हे शब्द पुढे जोडू नका. त्याचं त्या दिवशी काय पुसलं गेलं ते विचारा. तो सांगेल, आणि तुम्हाला त्यातलं निम्मं कळणार नाही.

आणि एक गंमत आधीच सांगून ठेवते. परदेशात बऱ्याच ठिकाणी रस्त्यावर गाड्या उजव्या बाजूनं चालतात. त्याच्या मेक्सिकोतही तसंच. तुम्ही हातात कंट्रोलर घेतलात की ३१ वर्षांच्या सवयीनं गाडी डावीकडे घालाल, समोरून येणाऱ्या ट्रकच्या थेट तोंडावर. नातू खदखदून हसेल. या वेळी हसू द्या त्याला.